रस्त्यावर सोडून दिलेल्या गाडीचा मालक शेवटी कोण?

निंबगल्ली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला लागून, एक टेम्पो ट्रॅक्स किमान चार वर्षांपासून उभी आहे. पुढची दोन्ही चाके बसली आहेत, मागची पाटी कोणीतरी काढून नेली आहे आणि पुढच्या पाटीवर ‘एमएच ३८’ एवढेच धड वाचता येते, म्हणजे गाडी मूळची हिंगोलीकडची असावी. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही. मराठवाड्यात महानगरपालिका असलेली पाच शहरे आहेत, त्यांपैकी एक समजावे.

गाडी नुसती उभी असती तर मी हा धागा काढला नसता. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येते, त्यामुळे फेब्रुवारीनंतर टँकरशिवाय भागत नाही. या ट्रॅक्समुळे टँकर गल्लीत वळत नाही, चालक उलटा आत घ्यायला तयार होत नाही आणि शेवटच्या पाच घरांना नळीला नळी जोडून, सांध्यांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून पाणी ओढावे लागते. त्यात निम्मे पाणी रस्त्यालाच मिळते.

तक्रार घेऊन मी प्रभाग कार्यालयात गेलो, तर वाहन हा विषय पोलिसांचा असल्याचे सांगण्यात आले. चौकीत गेलो, तर रस्ता महापालिकेचा असल्याचे सांगण्यात आले. दोन्ही ठिकाणी चहा मिळाला, पोच मात्र कुठेच मिळाली नाही. गाडी कोण उचलणार, एवढाच माझा प्रश्न नाही. उचलल्यानंतर ती कोणाची होते, ती विकण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो आणि आलेले पैसे कोणाच्या खात्यात जमा होतात, हे जाणकारांनी सांगावे.

कोर्टपायरी

परभणीत वकिली करते, त्यामुळे या प्रश्नाशी अधूनमधून गाठ पडते. आपल्याला दोन्हीकडे जे सांगितले गेले ते प्रत्येकी अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते त्रासदायक आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२७ नुसार, सार्वजनिक जागी १० तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेले अथवा बेवारस उभे असलेले वाहन ओढून नेण्याची परवानगी त्या हद्दीतील गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. सोडून दिलेले, जळालेले, मोडके किंवा अर्धवट सुटे केलेले वाहन वाहतुकीला धोका ठरत असेल, तर १० तासांची अटही उरत नाही. ओढून नेण्याचा खर्च मालकाच्या माथी पडतो. दुसरीकडे, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमे २३० आणि २३१ रस्त्यावर वस्तू टाकून ठेवण्यास मनाई करतात आणि अशी वस्तू नोटीस न देता हटवण्याचा अधिकार आयुक्तांना देतात. म्हणजे उचलण्याचा अधिकार दोघांनाही आहे.

पण कलम १२७ पुन्हा शांतपणे वाचून पाहावे. त्यात गाडी हलवण्याबद्दल आणि खर्चाबद्दल लिहिले आहे, मालकीबद्दल एक शब्दही नाही. गाडी रस्त्यावरून आवारात गेली तरी नोंदणीत नाव जुन्याच माणसाचे राहते. आपल्या गावोगावच्या पोलीस ठाण्यांमागे गाड्यांची जी रांग दिसते, तिचे मूळ इथे आहे: हलवण्याचा कायदा आखूड आहे आणि विल्हेवाटीचा लांबलचक.

गोलाईकर

लातूरहून लिहितो. एवढे कायदे बघण्यापेक्षा एखाद्या भंगारवाल्याला सांगून रात्रीतून ती गाडी नेऊ द्यावी, हा उपाय कोणी सुचवला कसा नाही? चार वर्षांत ज्याने ढुंकून पाहिले नाही, तो पाचव्या वर्षी येऊन काय विचारणार आहे?

कोर्टपायरी

गोलाईकर, तो पाचव्याच वर्षी येतो, असा माझा अनुभव आहे. मालकाने गाडी सोडून दिली हे आपण अनुमानाने म्हणतो. त्याने तसे लिहून दिलेले नसते. कदाचित तो वारला असेल आणि दोन मुलांमध्ये वाटणीचा वाद चालू असेल. कदाचित गाडीवर बँकेचा बोजा असेल. कदाचित ती चोरीची असेल आणि दुसऱ्या जिल्ह्यात तिचा गुन्हा नोंद असेल. अशी गाडी रात्रीतून कापली, तर चोरीचा गुन्हा नेणाऱ्यावर आणि नेऊ देणाऱ्यावर दाखल होईल, मूळ मालकावर नव्हे.

माजी_मुद्देमाल

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो असून शेवटची नऊ वर्षे मुद्देमाल कारकून, म्हणजे ठाण्यात ताब्यात घेतलेल्या मालाची नोंद ठेवणारा होतो. ताईंनी ज्या रांगेचा उल्लेख केला, ती रांग मी रोज सकाळी मोजत असे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आवारात उभ्या असलेल्या गाड्या लोकांना एकसारख्या दिसतात, पण कागदावर त्यांच्या तीन वेगळ्या जाती असतात. पहिली गुन्ह्यात जप्त केलेली, दुसरी अपघातातील आणि तिसरी बेवारस. पहिल्या दोन न्यायालयाच्या हुकमाशिवाय हलत नाहीत. तिसरीला खटला नसतो, आणि खटला नसल्यामुळेच तिच्याकडे बघायला कोणाला सवड नसते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ८२ नुसार, बेवारस मालमत्ता आणि सांगूनही मालकाने रस्त्यावरून न हलवलेली वस्तू तात्पुरती ताब्यात घेणे हे पोलिसाचे कर्तव्यच आहे. कर्तव्य एका ओळीत लिहून होते. पुढे त्या गाडीला जागा लागते, राखण लागते आणि नोंद टिकवावी लागते.

नोंद कशी जाते ते सांगतो. गाडी आली की पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर गुन्हा क्रमांक किंवा बेवारस नोंद क्रमांक लिहून ती हँडलला बांधायची, अशी जुनी पद्धत होती. पहिल्या पावसात शाई जायची आणि दुसऱ्या पावसात चिठ्ठी. पुढे आम्ही पेट्रोलच्या टाकीवर पांढऱ्या ऑइल पेंटने क्रमांक लिहू लागलो. तर एका वर्षी उन्हाळ्यात गाजरगवत पेटले आणि अकरा मोटारसायकलींचे क्रमांक रंगासकट गेले. त्यानंतर त्या अकरा गाड्यांची ओळख पटवण्यासाठी चेसिस नंबरच शोधावे लागले. चेसिस नंबर घेण्याची रीत अनेकांना माहीत नसेल. पॉलिश पेपरने गंज घासायचा, रॉकेलचा बोळा फिरवायचा, कोरड्या फडक्याने पुसायचे, मग पातळ कागद त्यावर दाबून धरून शिसपेन्सिल आडवी घासायची. अक्षरे कागदावर उमटतात. याला पेन्सिल प्रिंट म्हणतात. गंज खोल गेला असेल तर ८ आणि ३ यांत फरक करता येत नाही, आणि त्या एका आकड्यापायी गाडी आणखी दोन वर्षे आवारात राहते.

सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात स्पष्ट सांगितले होते की, जप्त वाहने ठाण्यात वर्षानुवर्षे सडत ठेवण्यात काही अर्थ नाही. पंचनामा करून, छायाचित्रे काढून, बंधपत्र घेऊन ती मालकाला द्यावीत आणि मालक, विमा कंपनी किंवा अन्य कोणी दावेदार नसेल तर न्यायालयाच्या आदेशाने लिलाव करावा. निकालाची प्रत आमच्याकडे होती. पण लिलावाचा प्रस्ताव तयार करायचा म्हणजे प्रत्येक गाडीमागे परिवहन कार्यालयाकडून मालकाचे नाव मागवणे, मालकाला आणि बोजा असलेल्या बँकेला पत्र पाठवणे, परत आलेले लिफाफे न फोडता फाइलला लावणे, मोटार वाहन निरीक्षकाकडून मूल्यांकन करून घेणे आणि सरकारी बोली, म्हणजे लिलावाची किमान किंमत ठरवणे ही कामे आली. बंदोबस्त, मिरवणुका आणि निवडणुका यांतून वेळ काढून एक माणूस हे करतो. एक प्रस्ताव तर मी तीन अधिकाऱ्यांच्या काळात तीनदा नव्याने टंकला.

निंबगल्ली यांना माझा सल्ला असा की, तोंडी तक्रार अजिबात करू नये. छायाचित्रे जोडून, गाडीमुळे टँकर अडतो हे लिहून, कलम १२७ आणि कलम ८२ या दोन्हींचा उल्लेख करून अर्ज द्यावा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. ‘गाडी जुनी आहे’ असे लिहिले तर कोणी हलत नाही. ‘वाहतुकीस अडथळा व धोका’ असे लिहिले तर उत्तर द्यावे लागते.

रिक्षा_२६

नांदेडला रिक्षा चालवतो. इथे सगळे गाडी सोडणाऱ्याला दोष देत आहेत म्हणून लिहितो. योग्यता प्रमाणपत्राची मुदत संपली की केंद्रीय नियमांप्रमाणे उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा शुल्काची तरतूद आहे. म्हणजे वर्षाला १८,२५० रुपये. आमच्या थांब्यावरच्या एकाचे पायाचे ऑपरेशन झाले आणि त्याची रिक्षा दीड वर्ष बंद राहिली. हिशेब केला तेव्हा लक्षात आले की जुन्या रिक्षाला जेवढी किंमत आली असती, त्याहून थकबाकी जास्त झाली आहे. त्याने किल्ली खिशात घातली आणि रिक्षा नाल्याच्या कडेला ठेवून दिली. ती अजून तिथेच आहे. त्याने रिक्षा टाकून दिली असे मला म्हणवत नाही. सोडवून घेणे त्याला परवडले नाही.

माजी_मुद्देमाल

रिक्षा भाऊंचा मुद्दा खरा आहे. दंड आणि थकबाकी गाडीच्या किमतीपेक्षा मोठी झाली की मालक ठाण्याकडे फिरकत नाही. आमच्या आवारातील निम्म्या मोटारसायकलींची कथा हीच होती.

सळईवाला

जालन्यात आमचा भंगाराचा पिढीजात व्यवसाय आहे. गोलाईकर यांचा रात्रीचा उपाय वाचून हसू आले, कारण असे निरोप आम्हाला खरोखर येतात. ते घेऊ नयेत हे वडिलांनी शिकवले आणि एकदा शेजारच्या गाळेधारकाला जामिनासाठी धावपळ करताना पाहून ते पक्के ठसले.

गाडीतून काय निघते, याबद्दल लोकांच्या भलत्याच कल्पना असतात. रस्त्यावर चार वर्षे उभी असलेली गाडी आमच्यापर्यंत येते तेव्हा ती निम्मी आधीच विकली गेलेली असते. सर्वांत आधी बॅटरी जाते, कारण शिशाला रोख भाव आहे आणि ती काढायला पाच मिनिटे पुरतात. मग स्टेपनी, आरसे, डायनामो, आणि तांब्यासाठी वायरिंग. इंजिन जड असते म्हणून ते शेवटपर्यंत राहते. उरतो तो पत्र्याचा सांगाडा, आणि पत्रा वजनात फसवा असतो. जालन्यातील भट्ट्यांना भंगार हवेच असते, कारण विजेच्या भट्टीत ते वितळवून त्याच्या बिलेट, म्हणजे पोलादाच्या चौकोनी कांड्या, आणि पुढे सळया होतात. पण सुटा पत्रा भट्टीत भुरकन जळतो आणि त्यावरचा रंग, रबर व जस्ताचा मुलामा धूर करतो, म्हणून तो आधी दाबून त्याचे गठ्ठे करावे लागतात.

आता अधिकृत मार्गाबद्दल. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांचे नियम काढले. जप्त किंवा बेवारस वाहने यंत्रणेने लिलावात काढली, तर ती या केंद्रात तोडता येतात, असे त्यात नमूद आहे. केंद्राने गाडी घेताना ती चोरीच्या नोंदीत नाही हे तपासायचे, तेल, कूलंट आणि एसीचा गॅस आधी काढून घ्यायचा आणि मगच कापायला घ्यायची. त्यानंतर भंगारीकरणाचे प्रमाणपत्र निघते आणि ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीतील गाडीची नोंदणी बंद होते. मालकाने स्वतः गाडी आणून दिली तर त्याला ठेव प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावर नवीन खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.

अडचण भावाची आहे. केंद्रवाल्याला यंत्रे, फरशी, तेलाची टाकी आणि कागदपत्रे यांचा खर्च असतो. गल्लीतला कापणारा मातीवरच तेल सांडतो आणि त्यामुळे लिलावात चढी बोली बोलू शकतो. लिलाव काढणाऱ्या कार्यालयाने फक्त आकडा पाहिला, तर गाडी चुकीच्या हातात जाते आणि तिचा चेसिस नंबर दुसऱ्या एखाद्या चोरीच्या गाडीवर जिवंत होतो. बोली लावण्यास फक्त नोंदणीकृत केंद्रेच पात्र राहतील, अशी अट जिथे असते तिथे उत्पन्न कमी दिसते, पण नंबर तिथेच संपतो.

गोदातीर

मी मूळचा पैठणचा असून सध्या न्यूयॉर्क राज्यात राहतो. मालकीचा जो प्रश्न निंबगल्ली यांनी विचारला आहे, त्याचे उत्तर इथल्या कायद्यात थेट लिहिलेले आहे. सोडून दिलेल्या गाडीवर वैध पाटी नसेल आणि तिची घाऊक किंमत १,२५० डॉलर किंवा त्याहून कमी असेल, तर तिची मालकी तत्काळ स्थानिक संस्थेकडे जाते. इतर गाड्यांच्या बाबतीत शेवटच्या मालकाचा शोध घेऊन त्याला कळवावे लागते आणि ठरलेल्या दिवसांत तो आला नाही, तर मालकी बदलते. इंग्लंडमध्ये १९७८ चा कायदा आहे. तिथे गाडी रस्त्यावर टाकून देणे हा स्वतंत्र गुन्हा असून २,५०० पौंडांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. केवळ मोडण्याच्याच लायकीची गाडी असेल, तर तिथली नगरपालिका फार वाट पाहत बसत नाही.

इथे सगळे सुरळीत आहे असे मला म्हणायचे नाही. पण गाडी शहराची झाली की नाही, या प्रश्नावर दोन खात्यांत चहा पीत बसावे लागत नाही.

कोर्टपायरी

गोदातीर यांनी नेमका तोच फरक दाखवला. आपल्याकडे मालकी अशी एका कलमाने सरकत नाही. तिला दंडाधिकाऱ्यांच्या टेबलावरून जावे लागते.

पोलिसांनी गाडी ताब्यात घेऊन अहवाल दिला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५०३ लागू होते. मालक ठाऊक नसेल, तर वस्तूचे वर्णन देणारी उद्घोषणा काढली जाते आणि दावा सांगण्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते. त्या मुदतीत कोणी हक्क सिद्ध केला नाही, तर कलम ५०४ खाली ती मालमत्ता राज्य शासनाच्या अधीन जाते आणि विकता येते. इथे निंबगल्ली यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळते: या मार्गाने आलेला पैसा राज्याच्या नियमांप्रमाणे जातो, क्रेन पाठवणाऱ्या महापालिकेच्या तिजोरीत नव्हे. महापालिकेने क्रेन, डिझेल, जागा आणि राखणदार द्यायचा आणि हिशेब दुसऱ्याच्या वहीत लागायचा, अशी रचना असेल, तर प्रभाग कार्यालयाचा निरुत्साह मला समजू शकतो. समर्थनीय मात्र वाटत नाही.

एक तरतूद फारशी वापरली जात नाही, ती इथे नोंदवते. वस्तूचा हक्कदार अज्ञात किंवा गैरहजर असेल आणि तिची किंमत १०,००० रुपयांपेक्षा कमी असेल, तर कलम ५०५ नुसार दंडाधिकारी सहा महिने न थांबता विक्रीचा आदेश देऊ शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही मर्यादा केवळ ५०० रुपये होती, त्यामुळे गाडीला ती कधी लागूच पडत नसे. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाल्यामुळे गंजलेल्या मोटारसायकली या मर्यादेत येऊ शकतात. नंतर मालक उगवलाच, तर त्याचा दावा विक्रीच्या निव्वळ रकमेवर राहतो. म्हणजे त्याचेही बुडत नाही.

लिलावात घेतलेली चालती गाडी स्वतःच्या नावावर करायची असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५७ प्रमाणे नमुना ३२ मध्ये ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. पण तो नियम केंद्र किंवा राज्य सरकारने अथवा त्यांच्या वतीने केलेल्या लिलावाबद्दल बोलतो आणि त्यासाठी लिलाव अधिकृत करणाऱ्या आदेशाची प्रत मागतो. त्यामुळे स्थानिक संस्थेने बेवारस गाडी काढायची झाल्यास ती भंगार म्हणून, नोंदणी रद्द करून विकणे हाच सुटसुटीत मार्ग राहतो.

गोलाईकर

वर जे लिहिले ते मी मागे घेतो, आणि का घेतो तेही सांगतो. हा धागा वाचून वडिलांना विचारले, तेव्हा समजले की अकरा वर्षांपूर्वी त्यांनी आमची जीप औशाकडच्या एका गृहस्थाला शंभराच्या मुद्रांकावर लिहून देऊन विकली होती. आरसी बुकावर नाव कोणाचे, असे विचारले तर ते म्हणाले, ‘माझंच, तो करून घेणार होता.’ काल ‘वाहन’च्या संकेतस्थळावर पाहिले. नाव अजून वडिलांचेच आहे. जीप कुठे आहे ते आम्हाला ठाऊक नाही.

कोर्टपायरी

गोलाईकर, हे हलके घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगितले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी मध्ये कितीही हात फिरली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते. ती जीप उद्या कुठल्या गल्लीत टँकर अडवत असेल, तर ओढून नेण्याच्या खर्चाचे पत्र आपल्या घरी येईल. मुद्रांक शोधून ठेवावा आणि परिवहन कार्यालयाला विक्रीची लेखी माहिती आजच द्यावी.

निंबगल्ली

धागा काढून दोन महिने झाले, म्हणून पुढची हकिगत लिहितो.

माजी_मुद्देमाल यांनी सांगितले तसा अर्ज दोन्हीकडे दिला आणि आवक क्रमांक घेतले. तिसऱ्या आठवड्यात एक हवालदार साहेब आणि प्रभागाचा एक कर्मचारी एकत्र आले, हेच मला नवल वाटले. पेन्सिल प्रिंट मीच काढून दिली; रॉकेल मिळाले नाही म्हणून डिझेल वापरले. आकडा पाचव्या प्रयत्नात उमटला. गाडी एका सहकारी पतपेढीच्या बोजासह हिंगोली जिल्ह्यातील एका गृहस्थांच्या नावावर निघाली. त्यांना पाठवलेले पत्र ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आले. पतपेढीच्या पत्त्यावर आता बिछायतीचे दुकान आहे, असे समजते.

मागच्या मंगळवारी पंचनामा झाला. शेजारचे दोन गृहस्थ पंच म्हणून उभे राहिले आणि गाडीचे वर्णन लिहून झाले: टायर चार, काच पुढची तडकलेली, बॅटरी नाही, पुढचा बंपर आहे. मग क्रेन न येता ट्रॅक्टर आला. टोचन लावण्यासाठी दोर नेमका बंपरला बांधला गेला, ट्रॅक्टरने हिसका दिला आणि बंपर एकटाच पुढे निघून गेला. दुसऱ्या खेपेला दोर चेसिसला बांधला आणि गाडी घासत, डांबरावर दोन पांढऱ्या रेघा ओढत गल्लीबाहेर पडली. जिथे ती उभी होती तिथे गाडीच्या आकाराचा कोरा, न झिजलेला रस्ता निघाला. संध्याकाळी टँकर पहिल्यांदा सरळ शेवटच्या घरापर्यंत आला.

बंपर मात्र ट्रॅक्टरवाला विसरून गेला आणि तो आता माझ्या अंगणात, तुळशीच्या कट्ट्याला टेकून उभा आहे. पंचनाम्यात तो ‘आहे’ असा लिहिला गेला आहे. उद्घोषणेचे सहा महिने सुरू झाले असतील, तर या काळात तो माझ्याकडे राहणे योग्य नाही, आणि नेऊन द्यायचा तर प्रभागात की चौकीत, याबद्दल कोर्टपायरी ताईंनी किंवा माजी_मुद्देमाल काकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माजी_मुद्देमाल

चौकीत. सोबत अर्ज न्यावा, आवक क्रमांक घ्यावा आणि बंपरवर गाडीचा नोंद क्रमांक ऑइल पेंटने आपणच लिहून न्यावा.